कोंड्याच्या मोलाचं पोरगं

भिजत घातलेला गहू दोन-तीन दिवसांनी आंबतो तेव्हा त्याला जो वास सुटतो, तो कुठल्याही अत्तराच्या दुकानात मिळत नाही. मिळाला तर दुकान बंद पडेल. दूध ओकलेल्या बाळाच्या झबल्यासारखा तो वास असतो. मे महिना लागला की आमच्या आष्टीत गल्लीगल्लीतून तो फिरायला लागतो, आणि आम्हाला कळतं की कुरडयांचे दिवस आले. पहाटेपासून गच्च्यांवर जुन्या साड्या अंथरल्या जातात. पातेल्यात चीक रटरटतो. सोऱ्या पिळून पिळून बायकांचे खांदे भरून येतात आणि तोंडं मात्र मोकळी सुटतात. ऊन तापायच्या आत गावातल्या साऱ्या गच्च्या पांढऱ्याशुभ्र जाळीदार गोलांनी भरून जातात. वरून पाहणाऱ्याला वाटावं, या गावावर कुणीतरी लेस विणून पांघरलीय.

वरून पाहणारा एक माणूस आमच्याकडे आहे, म्हणून हे सुचलं.

आमच्या शेजारच्या सुभद्राकाकूंचा मुलगा लढाऊ विमान चालवतो. हे वाक्य मी इथे लिहिलं खरं, पण काकूंच्या समोर बोललो असतो तर त्यांनी मला सोऱ्या फेकून मारला असता. विमानाचा त्यांना आता राग नाही. राग 'सुभद्राकाकूंचा मुलगा' या दोन शब्दांचा. काकू वाचत नाहीत, आणि नशीब नावाचं जे काही असतं तेही मराठी ललित लेख वाचत नसावं, एवढ्या भरवशावर मी लिहितो आहे.

त्याचं नाव कचरू. हसा, खुशाल हसा. मीही लग्नांमधून सूत्रसंचालन करताना हे नाव मुद्दाम घेतो. 'आपल्या गावचे सुपुत्र, हवाई दलातले लढाऊ वैमानिक' असं म्हणून आवाज चढवत नेतो, थांबतो, आणि मग म्हणतो, 'कचरू!' मांडवात एकदम खसखस पिकते. बाहेरगावच्या पाहुण्यांना वाटतं, मास्तर थट्टा करून राह्यले.

तर ते असं. काकूंची आधीची दोन बाळं पाळण्यातच गेली. तिसरं झालं तेव्हा मी अकरावीत होतो, त्यामुळे पुढचं सगळं डोळ्यांनी पाहिलेलं आहे. ज्या घरात मूल टिकत नाही, तिथे आमच्याकडे एक नाटक करतात. बाळ सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवायचं. मग दुसरी एखादी बाई 'सहज' तिथून चालली आहे असं दाखवते, बाळ उचलते, आणि आईनं ते तिच्याकडून विकत घ्यायचं. मोल द्यायचं कोंड्याचं. दळण चाळून उरतो तो कोंडा, जनावरापुढे टाकायचा. म्हणजे न्यायला टपलेल्याला वाटावं, हे तर उकिरड्यावरचं, कोंड्याच्या मोलाचं, हे नेऊन काय करायचं? आणि मग आईनं जन्मभर पथ्य पाळायचं. त्याला 'माझं' म्हणायचं नाही.

सहज जाणारी बाई म्हणजे आमची माय. माय जन्मजात नटी होती. उकिरड्यापाशी आली, दचकली, छातीवर हात ठेवला आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली, "अगं बया! कुणाचं पोरगं म्हनावं हे? माणसाचं हाय का मांजराचं?"

काकू भिंतीआडून पुढे आल्या. ओली बाळंतीण, डोक्याला फडकं बांधलेलं. "केवढ्याला देता?"

"ह्याला कोण पैसे घेईल? नाक बगा, नुसतं भज्यावानी. फुकट न्या."

"फुकट नको बाई. सूपभर कोंडा देते."

"जल्दी न्या मंग. माझ्या म्हशीचं भागलं."

बायका पदरात तोंड घालून हसत होत्या. काकूंनी बाळ उचललं तेव्हा मायनं खालून सूप धरून ठेवलं. मोल म्हणून आलेला कोंडा आमच्या म्हशीनं खाल्ला आणि त्या दिवशी दूध नेहमीपेक्षा जास्त दिलं, असं माय पुढे जन्मभर सांगत राहिली.

काकूंनी पथ्य असं पाळलं की बघणाऱ्यानं थक्क व्हावं. कचरू मायला 'माय' म्हणायचा, आणि सख्ख्या आईला आमच्यासारखंच 'काकू'. शाळेत पहिला आला तर काकू म्हणायच्या, "आला असंल. लोकाचं पोरगं हाय, हुशारच असणार." उन्हाळ्यात माळावर वावटळ उठायची. आमच्याकडे वावटळीत भूत असतं. बाया तिच्यावर थुंकतात आणि पोरांना आत ओढतात. हे पोरगं उलटं तिच्यात धावायचं. एकदा हाताला दोरा बांधून, दोऱ्याला पोत्याची चिंधी बांधून तो वावटळीच्या पोटात शिरला. चिंधी किती वर जाते ते त्याला पाहायचं होतं. काकूंनी लांबून पाहिलं आणि अनवाणी धावत सुटल्या. ओरडत काय होत्या, तर, "अरे कुणाचं पोरगं हाय ते! धरा त्याला कुणीतरी!" तेवढ्या आकांतातही 'माझं' हा शब्द त्यांनी ओठांबाहेर पडू दिला नाही.

मला सगळ्यात जास्त आठवतो तो उन्हाळा मात्र वेगळाच. कचरू संभाजीनगरला इंजिनिअरिंगला होता, मेकॅनिकल. शेवटचा पेपर देऊन गावी आला होता. गळ्यापर्यंत आलेली दाढी, वर्कशॉपचा निळा डगला आणि डोक्यात नुसती यंत्रं. काकूंचा खांदा दुखतो हे पाहून त्यानं जीपचा जॅक आणला, लाकडी चौकटीत सोऱ्या ठोकला, वर जॅक बसवला आणि सगळ्या गल्लीला आमंत्रण दिलं. "दादा, सूत्रसंचालन तुमचं," मला म्हणाला. मी घसा साफ करून बोललोही, की आजपासून मराठवाड्यातली बाई सोऱ्याच्या गुलामीतून मुक्त होत आहे. त्यानं दांडा फिरवला. पहिली कुरडई अशी सुरेख उतरली की बायांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या वेळी जोर जास्त झाला. सोऱ्याची चकती सुटली, सणसणत गेली आणि समोरच्या घराच्या पत्र्यावर वाजली. मागोमाग गरम चीक माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर.

"मायंदाळ उडालं की रं," माय म्हणाली. "तुला हेच शिकवलं का कालेजात?"

कचरू हसला नाही. चकती जिथे वाजली त्या पत्र्याकडे पाहत बसला. बाकीच्या बाया खाली गेल्यावर, आम्ही दोघं कावळे हाकत गच्चीवर होतो तेव्हा त्यानं सांगितलं. वाळूजच्या एका कारखान्यात नोकरी ठरली होती, ते घरात माहीत होतं. पण मधल्या काळात तो हवाई दलाची परीक्षा देऊन आला होता, मुलाखतीतून आणि तपासणीतून पार झाला होता. हैदराबादजवळच्या अकादमीत हजर व्हायचं होतं.

"कशाला रे?" मी विचारलं. "इंजिनिअर झालास. जमिनीवर पाय ठेवून पगार मिळत असताना?"

"दादा, चार वर्षं इंजिन उघडून बघितलं. ते पार ताणल्यावर काय करतं, ते बाहेर उभं राहून न्हाई कळत. आत बसावं लागतं." मग खाली मान घालून म्हणाला, "काकूंनी जा म्हणल्याबिगर मी जाणार न्हाई. तेवढं तुम्ही बोला."

मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम गर्दीची वेळ साधली. गर्दीत माणूस रडत नाही असा माझा अनुभव होता. तो लग्नांपुरता खरा आहे हे मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, "काकू, सरकार कचरूला विमान द्यायचं म्हणतंय."

"कसलं इमान?"

"लढाईचं."

वडे थापल्यासारखे चालणारे काकूंचे हात थांबले. कोपऱ्यात भानुदासकाका, म्हणजे कचरूचे वडील, विडी शोधत होते. ते फार बोलणारे नव्हते. एवढंच म्हणाले, "इंजन असलेलं काय बी चालव म्हणावं. फकस्त जमिनीवर."

कचरूला वाटलं, हसण्यावारी न्यावं. तो तपासणीची गंमत सांगायला लागला. बसवून उंची मोजली, मांडी मोजली, पाय मोजले, डोळे बघितले, दात बघितले.

"बैलबाजारात बघत्यात तसे?" काकूंनी विचारलं.

"बराबर तसेच."

"मंग? झाला का सौदा?"

काकूंनी पदरानं कपाळ पुसलं, तिथे चिकाचा पांढरा पट्टा उमटला. "मला काय इचारता?" त्या म्हणाल्या. "ज्याचं पोरगं त्याला इचारा." आणि त्यांनी आमच्या मायकडे पाहिलं.

बाया हसल्या. माय हसली नाही. "सुभद्रे, थट्टा करू नको."

"थट्टा कशाची? तू उचललंस, तुझं हाय. हो म्हण न्हाईतर नको म्हण. मी कोण?"

त्यानंतर किती दिवस गेले ते आठवत नाही, पण ते फार वाईट होते. दोन्ही घरांमधली भिंत एकच, तरी इकडची वाटी तिकडे गेली नाही. गरम वारा सुटला होता, लिंबाचा फुलोरा झडून अंगणात पिवळा चुरा पडायचा, तो झाडायलाही कुणाचं मन होत नव्हतं. आयुष्यभर ज्या नाटकावर हसून घेतलं, ते नाटक मायच्या गळ्यात येऊन पडलं होतं. भाकरी थापता थापता ती मला म्हणाली, "हो म्हणावं अन् उद्या काही इपरीत झालं तर ते माझ्या माथी. नको म्हणावं तर पोराच्या जल्माचं वाटोळं. ती बाई लई शहाणी हाय. इतकी वर्सं पोरगं तिनं सांभाळलं, अन् भ्यायची पाळी माझ्यावर आणली."

मला तेव्हा वाटलं, काकूंना चीड आलीय. आज वाटतं, त्यांना दुसरा मार्गच नव्हता. जा म्हणायचं तर तो हक्क आईचा, आणि आई असल्याचं कबूल केलं की आधीच्या दोन पाळण्यांपाशी जे आलं होतं ते तिसऱ्यापाशीही येणार. नको म्हणायलाही तोच हक्क लागतो.

शेवटी एका सकाळी माय गुडघ्यांवर हात देत देत काकूंच्या गच्चीवर गेली. कचरू कुरडया उलटत होता, मी मागे. माय म्हणाली, "मी कोंडा घेतला तव्हाच माझा हक्क सरला. तो कोंडा बी म्हशीनं खाल्ला. आता तुझं तू बघ."

"माझं हाय असं मी कदी म्हणले का?"

"न्हाई."

"मंग?"

कचरू हातात ताट घेऊन उठला. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. "म्हंजे मी कुणाचाच न्हाई," तो म्हणाला. "मंग काय, जातो मी."

आमच्याकडे उंबऱ्यावर कुणी 'जातो' म्हणत नाही. शेजारी मीठ मागायला निघालेला माणूसही 'येतो' म्हणून निघतो. जातो तो परत न येणारा. काकू ताडकन उठल्या. कोपरापर्यंत चिकानं भरलेले हात तसेच, डोळे लाल.

"येतो म्हण!"

"काकू..."

"येतो म्हण, उकिरड्या! म्हण मोठ्यानं!"

"येतो."

"ह्या तुझ्या मायला ऐकू गेलं न्हाई. म्हण!"

"येतो, येतो, येतो!" तो ओरडला आणि तिथेच खाली बसून रडायला लागला. माय रडली. काकू नाही रडल्या. त्या परत बसल्या आणि सोऱ्यात चीक भरायला लागल्या. परवानगी कुणी दिली, हे आजही कुणाला सांगता यायचं नाही. पण तो गेला. जाताना पिशवीत बाजरीच्या वाळवलेल्या खारोड्या होत्या, आणि त्या काकूंनी आमच्या घरातून, मायच्या हातानं द्यायला लावल्या.

त्यानंतर बरेच उन्हाळे आले. कचरूचे केस बारीक झाले, खांदे रुंद झाले. माय एका हिवाळ्यात गेली. आमचं पत्र्याचं घर स्लॅबचं झालं, म्हैस विकली. तरी आंबलेल्या गव्हाचा वास आला की मला गंमतच आठवायची, जॅक आठवायचा, सदरा आठवायचा. मागच्या मे महिन्यापासून तसं राहिलं नाही.

मागच्या मेमध्ये सीमेवर लढाई पेटली. कचरूचा मला फोन आला, "दादा, काही दिवस फोन लागणार न्हाई. काकूंना सांगा." मी सांगितलं. काकूंनी त्याच दिवशी गहू भिजत घातला. घरात माणसं दोन, कुरडया आधीच्याच डबाभर शिल्लक. पण हात रिकामे ठेवायचे नव्हते. दूरदर्शनवर माणसं जिंकल्यासारखी ओरडत होती, चित्रातली विमानं चित्रातल्या डोंगरांवरून सुसाट जात होती. त्यातलं एखादं चित्र फुटलं की भानुदासकाका डोळे मिटून घ्यायचे.

गावातल्या कुणा उत्साही माणसानं कळवलं असावं, एका वाहिनीचा पोरगेला बातमीदार माइक घेऊन दारात उभा राहिला. "आई, तुमचा मुलगा आज देशासाठी..."

"माझा न्हाई," काकू म्हणाल्या.

"म्हणजे?"

"लोकाचा हाय. मी नुसतं सांभाळलं."

त्या पोराचे डोळे असे चमकले! कॅमेऱ्याकडे वळून तो भरल्या गळ्यानं बोलू लागला, की पाहा ही माउली, म्हणते मुलगा माझा नाही, देशाचा. मी मागे उभा राहून हसू दाबत होतो. काकूंनी अख्ख्या वाहिनीला कोंडा चारला असं मला वाटलं. संध्याकाळी ते दाखवलं तेव्हा मात्र हसू गेलं. काकूंच्या चेहऱ्याखाली मोठ्या अक्षरांत पट्टी होती: 'वीरमाता सुभद्राबाई'. आमच्याकडे ज्या बाईचा मुलगा झेंड्यात गुंडाळून आलेला असतो, तिला वीरमाता म्हणतात. भानुदासकाकांनी उठून वायरच ओढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू माझ्याकडे आल्या. हातात सूप, सुपात घडी घातलेला तो वर्कशॉपचा निळा डगला, ग्रीसच्या डागांसकट. दुसऱ्या हातात पिशवीत कोंडा.

"बाळू, समद्या जगाला सांगून टाकलं रे त्यांनी. माझं हाय म्हणून. परत करायचं ते."

"काय करायचं?"

"उकिरड्यावर ठिवायचं. तुझी माय न्हाई, तू उचल."

मी हसण्याचा प्रयत्न केला नाही. गाडी काढली. आणि मग, वाचकहो, आम्ही उकिरडा शोधायला निघालो. जुन्या उकिरड्याच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. गल्ल्या सिमेंटच्या, कचऱ्याला घंटागाडी, शेण थेट ट्रॉलीतून शेतात. गाव स्वच्छ झाल्याचं बक्षीस घेताना टाळ्या मीच वाजवायला लावल्या होत्या. घंटागाडी समोरून गाणं वाजवत आली तेव्हा काकू म्हणाल्या, "हिच्यात टाकून चालंल का?"

"काकू, ती थांबत नाही. आपलं पोरगं डेपोत जाईल."

"तुझं पोरगं," काकूंनी दुरुस्ती केली.

वाटूरच्या रस्त्याला एका गोठ्यामागे उकिरडा सापडला. मालक बाजेवर लोळत होता. "खत पाह्यजे का, मास्तर?"

"नाही. उकिरडा पाहिजे. जरा वेळ."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, काकूंच्या सुपाकडे पाहिलं, आणि तो काही न विचारता उठून बाभळीपलीकडे गेला.

काकूंनी सूप ठेवलं आणि गोठ्याआड गेल्या. ऊन असं होतं की शेणावरून वाफा निघत होत्या. माझी बोलायची पाळी आली. हजारभर माणसांसमोर न अडखळणारा मी, नुसता सुपाकडे पाहत उभा राहिलो. तिकडून काकू कुजबुजल्या, "बोल की. कुणाचं म्हण."

"कुणाचं... कुणाचं पोरगं हाय हे?"

"काय म्हाईत बाई," काकू पुढे आल्या. "केवढ्याला देता?"

मायचं वाक्य मला पाठ होतं. फुकट न्या. ते ओठावर आलंही. पण डगल्याच्या खिशाची शिवण उसवलेली दिसली, आणि मी म्हणालो, "न्हाई देत."

"आँ?"

"देत न्हाई. राहू द्या माझ्याकडं. लढाई सरल्यावर न्या."

काकूंनी सुपातल्या डगल्यावरून हात फिरवला. मग त्यांना कळलं. लढाई चालू आहे तोवर तो त्यांचा असायलाच नको. त्यांनी कोंड्याची पिशवी छातीशी धरली आणि गाडीत जाऊन बसल्या. डगला माझ्या मांडीवर होता, आणि मायची ती भाकरी थापतानाची भीती मला त्या दिवशी समजली.

लढाई थांबल्याची बातमी आल्यावर कचरूचा फोन माझ्याच मोबाइलवर आला. मी जिना धावत चढलो. काकू गच्चीवर कुरडया घालत होत्या, शेजारणी होत्या. मी फोन त्यांच्या कानाला लावला. तिकडून तो ओरडला असावा, "काकू!" काकू ऐकत राहिल्या. सोऱ्या त्यांच्या हातात फिरतच होता. "हां," त्या म्हणाल्या. "हां. जेवलास का? हां." फोन मला परत दिला.

"कुणाचा व्हता वो?" शेजारणीनं विचारलं.

"राँग नंबर," काकू म्हणाल्या.

सोऱ्या फिरत राहिला. कुरडई वळसे घेत घेत भाकरीएवढी झाली, मग परातीएवढी. शेजारणी एकमेकींकडे पाहत राहिल्या, कुणी त्यांना थांबवलं नाही. ती कुरडई तळायला मावेल एवढी कढई गावात नव्हती.

यंदा परत तो वास सुटला आहे. डगला माझ्या कपाटात आहे. मंगल, माझी बायको, अधूनमधून त्याला ऊन दाखवते आणि कुणी विचारलं तर माझा म्हणून सांगते. काल सकाळी काकू कोंड्यानं भरलेलं सूप घेऊन आल्या आणि ओसरीवर बसल्या. मी उठून कपाट उघडलं.

"थांब," त्या म्हणाल्या. "आधी सांग. सरली का लढाई?"

"थांबली काकू. वर्ष झालं."

"थांबली का सरली?"

मी तीस वर्षं पोरांना शिकवतो. समोर पेपर पडलेला होता, त्यात सीमेची बातमी होती. मी तो उलटा ठेवला. काकूंनी ते पाहिलं. सूप उचललं, पदर नीट केला.

"राहू दे मंग अजून तुझ्याकडं," त्या म्हणाल्या. "येते."